रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या कठड्यावरील पिवळा जिवाणू: ओळख कोठपर्यंत नेता येईल?

चोडणची (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोज असंख्य हात लागतात असा एखादा पृष्ठभाग निवडायचा, त्यावरील जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा करायचा आणि तो ओळखायचा, असा प्रकल्प आम्हाला दिलेला आहे. आमच्या गटाने गोव्यातील रायबंदर–चोडण फेरीबोटीचा लोखंडी कठडा निवडला. निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेला स्वॉब (कापूस लावलेली काडी) कठड्यावर फिरवून न्यूट्रिएंट आगर या जिवाणू वाढवण्याच्या साध्या माध्यमावर पसरला आणि प्लेटी ३७ अंशांना ठेवल्या. उगवलेल्या अनेक कॉलन्यांपैकी (जिवाणूंच्या ठिपक्यांसारख्या वसाहतींपैकी) दोन आम्ही पुन्हा पुन्हा स्ट्रीक करून, म्हणजे नव्या प्लेटवर रेघांनी पसरवून, वेगळ्या केल्या.

पहिली कॉलनी जर्द पिवळी, गोल, फुगीर, चकचकीत आणि सलग कडेची आहे, पण ती नीट दिसू लागण्यास दोन दिवस लागतात. ग्रॅम रंजनात (ज्यात जिवाणूंचे जांभळा आणि गुलाबी असे दोन गट पडतात) जांभळे गोलाणू दिसतात. बरेचसे चार-चारच्या चौकड्यांत आहेत, काही घोळक्यांतही आहेत. कॅटालेज चाचणीत लगेच बुडबुडे आले. ऑक्सिडेज चाचणीत निळसर छटा आली, परंतु सावकाश आणि फिकी. स्लाइडवरील कोॲग्युलेज चाचणी (रक्तद्रवात जिवाणूंच्या गुठळ्या होतात का, हे पाहणारी) नकारात्मक आहे. मॅनिटॉल सॉल्ट आगरवर दोन दिवसांनी विरळ वाढ झाली आणि ती पिवळी दिसते. यावरून गटातील दोघांचे म्हणणे असे की मॅनिटॉलचे किण्वन झाले आहे, रंगही सोनेरी आहे, तेव्हा हा स्टॅफिलोकोकस ऑरियसच असला पाहिजे. मला मात्र त्या चौकड्या खटकतात.

दुसरी कॉलनी पांढरट, कोरडी, सुरकुतलेली आणि प्लेटभर पसरत जाणारी आहे. तिच्या रंजनात दंडाणू दिसतात, पण काही जांभळे तर काही गुलाबी. कल्चर अजून मिश्रच आहे, असे समजावे काय?

जनुकीय अनुक्रमण करून घेणे आम्हाला सध्या शक्य नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होणाऱ्या चाचण्यांच्या आधारे अहवालात कोणते नाव लिहिता येईल, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी त्यावर प्रश्न विचारल्यास ते नाव टिकेल काय, हे जाणून घ्यायचे आहे.

आगर_आणि_लूप (फोंडा)

चौकड्या तुम्हाला खटकल्या हे योग्यच झाले, कारण या प्रकरणाचा निकाल तेथूनच सुरू होतो. मी अनेक वर्षे हा विषय शिकवला आहे आणि तुमच्या सोबत्यांचा तर्क विद्यार्थ्यांच्या वह्यांत नेहमी भेटतो. मॅनिटॉल सॉल्ट आगरमध्ये साडेसात टक्के मीठ, मॅनिटॉल आणि फिनॉल रेड हा दर्शक असतो. मॅनिटॉलपासून आम्ल तयार झाले की कॉलनीभोवतीचे माध्यम लालचे पिवळे होते. म्हणजे वाचायचे असते ते माध्यम. कॉलनीचा स्वतःचा रंग हा या चाचणीचा निकालच नव्हे. मुळातच पिवळे रंगद्रव्य बनवणारा जिवाणू लाल माध्यमावरही पिवळाच दिसणार. प्लेट पांढऱ्या कागदावर धरून कॉलनीच्या कडेपलीकडील आगर पाहा. ते लाल किंवा गुलाबी असेल तर मॅनिटॉलचे किण्वन झालेले नाही, आणि तुमच्या वर्णनावरून मला तीच शक्यता अधिक वाटते.

ऑरियसविरुद्ध आणखी तीन गोष्टी जातात. ऑरियसची वाढ ३७ अंशांना एका रात्रीत भरघोस होते, त्याला दोन दिवस लागत नाहीत. तो प्रामुख्याने द्राक्षांच्या घडासारख्या घोळक्यांत दिसतो. शिवाय तो ऑक्सिडेज नकारात्मक असतो. पिवळा रंग, चौकड्या, संथ वाढ आणि सावकाश येणारे ऑक्सिडेज ही सारी लक्षणे एकत्र पाहिली की बोट मायक्रोकोकसकडे जाते. तो माणसाच्या त्वचेवर, हवेत आणि धुळीत सर्वत्र आढळतो, त्यामुळे फेरीबोटीच्या कठड्यावर तो मिळणे यात नवल काही नाही.

तरीही बोट जाणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. स्टॅफिलोकोकस आणि मायक्रोकोकस वेगळे करण्यासाठी तीन चाचण्या पुरेशा आहेत आणि तिन्ही तुमच्या प्रयोगशाळेत होतील. पहिली ह्यू-लीफसन माध्यमातील ग्लुकोजची. दोन नळ्यांत जिवाणू टोचून एकीवर निर्जंतुक द्रव पॅराफिनचा थर द्यावा. स्टॅफिलोकोकस हवेशिवायही ग्लुकोज किण्वित करतो, म्हणून त्याच्या दोन्ही नळ्या पिवळ्या होतात; मायक्रोकोकसची पॅराफिनखालील नळी बदलत नाही, आणि उघडी नळीही पुष्कळदा बदलत नाही. दुसरी चाचणी बॅसिट्रॅसिनच्या ०.०४ युनिटच्या डिस्कची. तिच्याभोवती मायक्रोकोकस वाढत नाही आणि साधारण दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठे मोकळे वर्तुळ पडते, तर स्टॅफिलोकोकस डिस्कला खेटून वाढतो. तिसरी फ्युराझोलिडोनच्या १०० मायक्रोग्रॅमच्या डिस्कची, आणि तेथे निकाल नेमका उलटा: स्टॅफिलोकोकस दबतो, मायक्रोकोकस दबत नाही. या दोन डिस्क एकाच प्लेटवर ठेवल्या की त्या एकमेकींच्या साक्षीदार होतात, म्हणून मला ही जोडी विशेष पसंत आहे.

आणखी एक चाचणी सुचवतो; ती अभ्यासक्रमात सहसा नसते, पण तिला खर्च जवळजवळ नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये लायसोझाइमचे वर्णन केले, ते ज्या पिवळ्या गोलाणूच्या साहाय्याने, त्याला तेव्हा मायक्रोकोकस लायसोडाइक्टिकस म्हणत; तोच आजचा मायक्रोकोकस लुटियस. अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम विपुल असते. ताज्या कल्चरचे गढूळ निलंबन फॉस्फेट बफरमध्ये करून दोन नळ्यांत घ्यावे, एकीत पातळ करून गाळलेले अंड्याचे पांढरे थोडे घालावे, दुसरीत तेवढाच नुसता बफर. मायक्रोकोकस लुटियस असेल तर पहिली नळी काही मिनिटांत निवळू लागते. ऑरियसची पेशीभित्ती लायसोझाइमला दाद देत नाही, म्हणून त्याचे ज्ञात कल्चर तुलनेसाठी सोबत ठेवावे. महाविद्यालयात कलरीमीटर असेलच. दर मिनिटाला वाचन घेऊन आलेख काढला तर अहवालात एक चांगले पान वाढेल.

दुसऱ्या कॉलनीविषयी थोडक्यात: ते कल्चर बहुधा मिश्र नसून जुने आहे. बॅसिलसचे कल्चर एका दिवसाहून जुने झाले की त्याच्या काही पेशी जांभळा रंग धरून ठेवत नाहीत. ताज्या कल्चरचे रंजन करा, आणि जुने फेकू नका, त्यातच बीजाणू (प्रतिकूल काळात टिकणारी सुप्त रूपे) सापडतील. मॅलाकाइट ग्रीन वाफेवर पाच मिनिटे देऊन, पाण्याने धुऊन, सॅफ्रानिन दिल्यावर लाल पेशींत हिरवे बीजाणू दिसले तर बॅसिलस किंवा त्याचा जवळचा नातलग, इतके म्हणता येईल.

लॅबवाली_मडगाव

सरांनी चाचण्या सांगितल्याच आहेत. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माझे लक्ष आधी नियंत्रणांकडे जाते. तुमच्या प्रश्नात एकाही ज्ञात कल्चरचा उल्लेख नाही. प्रत्येक चाचणी जेव्हा कराल तेव्हा त्याच दिवशी, त्याच बाटलीतील अभिकर्मकाने एक ज्ञात सकारात्मक आणि एक ज्ञात नकारात्मक कल्चर तपासले पाहिजे. नाहीतर तुमचे फिके ऑक्सिडेज हे जिवाणूचे लक्षण आहे की हवा लागून खराब झालेल्या अभिकर्मकाचे, हे कोणीच सांगू शकणार नाही. त्याचप्रमाणे सलाइनमध्ये भिजवलेला परंतु कठड्याला न लावलेला एक स्वॉब वेगळ्या प्लेटवर पसरला होता काय? पिवळा मायक्रोकोकस हा प्रयोगशाळेच्या हवेतून प्लेटीत पडणाऱ्या नेहमीच्या पाहुण्यांपैकी आहे. ती कोरी प्लेट नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि माझ्या मते तो विचारलाच पाहिजे. तशी प्लेट नसल्यास स्वॉब नव्याने घ्यावा, आणि नियंत्रण प्लेट तितकाच वेळ उघडी ठेवून तितकाच वेळ इन्क्युबेटरमध्ये ठेवावी.

काही बारीक गोष्टीही सांगते, कारण चुकीची नावे बहुतेक वेळा त्यांतून जन्मतात. ऑक्सिडेजसाठी नायक्रोमची लूप (जिवाणू उचलण्याची तार) वापरू नये, ती स्वतःच खोटा निळा रंग देऊ शकते; निर्जंतुक लाकडी काडी किंवा प्लॅटिनमची लूप घ्यावी. साध्या ऑक्सिडेजचा निकाल दहा सेकंदांत वाचायचा असतो, त्यानंतरचा निळा रंग सकारात्मक धरायचा नसतो. गोलाणूंसाठी डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये केलेली सुधारित ऑक्सिडेज चाचणी वेगळी आहे. तिला दोन मिनिटे देतात आणि मायक्रोकोकसचा निर्णय तिच्यावरून करणे अधिक भरवशाचे. कॅटालेज रक्त आगरवरच्या कॉलनीची करू नये, कारण रक्तपेशींमध्येही कॅटालेज असते. तुमची कॉलनी न्यूट्रिएंट आगरवरची आहे, त्यामुळे तो प्रश्न येथे नाही.

स्लाइड कोॲग्युलेज नकारात्मक आली एवढ्यावर आम्ही कधीही थांबत नाही. नळीतील चाचणी सशाच्या प्लाझ्मावर करावी लागते. ती चार तासांनी पाहायची आणि गुठळी नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायची. काही ऑरियस गुठळी करून नंतर ती स्वतःच विरघळवतात, म्हणून चार तासांचे वाचन चुकवून चालत नाही. ऑरियसचा दावा करायचा नसेल तरी तो खोडून काढण्यासाठी ही चाचणी करावीच.

बॅसिट्रॅसिनची डिस्क मागवताना मात्रा नीट वाचा. दुकानदार बऱ्याचदा दहा युनिटची डिस्क पाठवतात. ती या कामाची नाही.

आणि हे सर्व महाविद्यालयातच करा. घरच्या उबदार कपाटात प्लेटी ठेवण्याचे सल्ले इंटरनेटवर भरपूर मिळतात, परंतु अनोळखी जिवाणूंची कोट्यवधींनी वाढ केलेली प्लेट घरात असता कामा नये.

ताळगाव_पठार

मी पर्यावरणीय जिवाणूंवर संशोधन करतो. वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त लायसोझाइमच्या चाचणीला एक पुरवणी जोडतो. ऑरियस, एपिडर्मिडिस, सॅप्रोफायटिकस यांसारखे माणसाला उपद्रव देऊ शकणारे स्टॅफिलोकोकस लायसोझाइमला दाद देत नाहीत हे खरे, पण कार्नोससासारख्या काही निरुपद्रवी जाती त्याला बळी पडतात. त्यामुळे नळी निवळली म्हणजे स्टॅफिलोकोकस नाहीच, असा निष्कर्ष त्या एकाच चाचणीवरून काढू नये. ती डिस्कच्या जोडीला आधार म्हणून वापरावी. तसेच पूर्वी स्टॅफिलोकोकस सियुरी म्हटला जाणारा, २०२० मध्ये मॅमॅलिकोकस या नव्या प्रजातीत (म्हणजे जातींच्या गटात, जीनसमध्ये) गेलेला गोलाणू ऑक्सिडेज सकारात्मक असतो. म्हणून ऑक्सिडेजवरही एकट्यावर भार टाकू नये.

महाविद्यालयांत अजूनही बर्जीच्या निर्धारण मॅन्युअल या जिवाणू ओळखण्याच्या संदर्भग्रंथाच्या नवव्या आवृत्तीतील तक्ते वापरतात. ती आवृत्ती १९९४ ची आहे, आणि पुढच्याच वर्षी मायक्रोकोकस प्रजातीची फोड होऊन कोकुरिया, कायटोकोकस, डर्माकोकस, नेस्टेरेन्कोनिया अशा नव्या प्रजाती निर्माण झाल्या. त्या तक्त्यात गुलाबी कॉलनीचा मायक्रोकोकस रोझियस म्हणून जो दिसतो, तो आज कोकुरिया रोझिया आहे. तुमची कॉलनी गुलाबी किंवा नारिंगी नसून जर्द पिवळी आहे, हे मायक्रोकोकस लुटियसच्या बाजूने जाते. तथापि पिवळसर कॉलनीचे कोकुरियाही असतात, आणि वरच्या तीन चाचण्या त्यांना मायक्रोकोकसपासून खात्रीने वेगळे करत नाहीत. यातून असे निघते की त्या चाचण्यांनी स्टॅफिलोकोकस बाद होतो, पण मायक्रोकोकस लुटियस आपोआप सिद्ध होत नाही.

अनुक्रमणाबद्दल गटात काही आशा असेल तर तिची मर्यादाही माहीत असावी. जिवाणूंच्या ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या १६एस आरआरएनए जनुकाचा सुमारे दीड हजार बेसांचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा २७एफ आणि १४९२आर या प्राइमरांनी (प्रत काढण्यास सुरुवात करून देणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांनी) वाढवून वाचतात आणि जातीच्या प्रमाण स्ट्रेनशी ताडून पाहतात. साम्य ९८.६५ टक्क्यांहून कमी असेल तर जात वेगळी असण्याची शक्यता धरतात. त्याहून अधिक साम्य मात्र जात एकच असल्याचा पुरावा होत नाही. मायक्रोकोकसच्या निकटच्या जातींत हे जनुक फार सारखे असते, आणि तुमच्या दुसऱ्या, सुरकुतलेल्या दंडाणूच्या बाबतीत अडचण त्याहून मोठी आहे. बॅसिलस सबटिलिस आणि त्याच्या भावंडांचे १६एस इतके जुळते की तेथे जायरेज-बी (gyrB) जनुकच वाचावे लागते. डेटाबेसने दाखवलेले यादीतील पहिले नाव उचलून अहवालात लिहिणे ही तुमच्या सोबत्यांच्या सोनेरी रंगाच्या तर्काचीच महागडी आवृत्ती होय. पुढे कधी निधी मिळाला तर पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या (एनसीसीएस) सूक्ष्मजीव केंद्रात शुल्क भरून अशी ओळख करून मिळते.

एक मुद्दा कोणी काढलेला नाही, आणि गोव्यातील प्रकल्पासाठी मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फेरीबोटीच्या कठड्यावर हातांबरोबर मांडवीचे तुषारही पोहोचतात. रायबंदरपाशी नदीला भरती-ओहोटी असते. उन्हाळ्यात तेथील पाणी खारट आणि पावसाळ्यात बरेच गोडे होते. न्यूट्रिएंट आगरमध्ये मीठ अर्धा टक्का, आणि तुमचे तापमान ३७ अंश, म्हणजे माणसाच्या शरीराचे. या दोन निवडींनी तुम्ही त्वचेवरून आलेल्या जिवाणूंना आधीच झुकते माप दिले आहे. ज्यांना समुद्राच्या पाण्याइतके सोडियम लागते, ते या प्लेटवर उगवलेच नसतील. शक्य असल्यास त्याच कठड्याचा दुसरा स्वॉब झोबेल मरीन आगर या समुद्री जिवाणूंसाठीच्या खारट माध्यमावर, २८ ते ३० अंशांना, निदान पाच दिवस ठेवून पाहा; आपल्याकडे बाराही महिने खोलीचे तापमान साधारण त्याच्या जवळपास असते, त्यामुळे वेगळ्या इन्क्युबेटरचीही फारशी गरज पडणार नाही. आणि कठडा नुकताच जंतुनाशकाने पुसला गेला असण्याची शंका असेल तर सलाइनऐवजी लेसिथिन आणि ट्वीन ८० असलेला निष्प्रभावक द्रव वापरा.

चोडणची

सर्वांचे मनापासून आभार. लॅबवाली ताईंनी विचारलेली कोरी प्लेट आमच्याकडे होती आणि तिच्यावर काहीही उगवले नव्हते. ते प्रश्नात लिहायचे राहून गेले. मॅनिटॉल सॉल्ट आगर पांढऱ्या कागदावर धरून पाहिले, तर पिवळ्या वाढीभोवतीचे माध्यम लालच आहे. पॅराफिनखालील नळी बदलली नाही. बॅसिट्रॅसिनभोवती मोठे मोकळे वर्तुळ पडले, तर फ्युराझोलिडोनभोवती वाढ जवळजवळ डिस्कपर्यंत आली. सोबत ठेवलेल्या ज्ञात ऑरियसने दोन्हीकडे नेमके उलटे वर्तन केले. नळीतील कोॲग्युलेज चार तासांनीही नकारात्मक आणि दुसऱ्या दिवशीही नकारात्मक. अंड्याचे पांढरे घातलेली नळी आमच्या डोळ्यांदेखत निवळली आणि ऑरियसची गढूळच राहिली, तेव्हा वाद घालणारे दोघेही शांत झाले. सुरकुतलेल्या कॉलनीच्या जुन्या कल्चरमध्ये हिरवे बीजाणू स्पष्ट दिसले.

आता अहवालात 'मायक्रोकोकस लुटियस' असे लिहावे, की नुसते 'मायक्रोकोकस'? आमच्या मार्गदर्शक बाईंचे मत पहिल्या बाजूला झुकते, कारण प्रकल्पाच्या नमुन्यात जातीच्या नावासाठी रकाना आहे.

ताळगाव_पठार

रकाना आहे म्हणून जात लिहावी, असे मला वाटत नाही. त्यात 'मायक्रोकोकस, जात अनिश्चित. बाह्यलक्षणांवरून लुटियसशी सुसंगत' असे लिहिता येते, आणि परीक्षकांना त्यात उणेपणा वाटण्याचे कारण नाही. कोकुरियाची शक्यता कोणत्या चाचण्यांमुळे कमी झाली आणि कोणती चाचणी न झाल्यामुळे ती पूर्ण गेली नाही, हे दोन वाक्यांत नोंदवा. दुसऱ्यासाठी 'बीजाणू निर्माण करणारा वायुजीवी ग्रॅम-सकारात्मक दंडाणू, बहुधा बॅसिलस' एवढेच पुरे. शीर्षकातही 'फेरीबोटीच्या कठड्यावरील जिवाणू' असे मोघम न म्हणता 'न्यूट्रिएंट आगरवर ३७ अंशांना वाढणारे' ही अट घाला.

आगर_आणि_लूप (फोंडा)

माझे मत थोडे वेगळे आहे. पदवीच्या प्रकल्पात 'मायक्रोकोकस लुटियस, संभाव्य' असे लिहिण्यास माझी हरकत नाही, मात्र 'संभाव्य' हा शब्द शीर्षकातही हवा आणि निष्कर्षातही हवा, केवळ तळटीपेत नको. कारण पिवळे रंगद्रव्य, लायसोझाइमने त्वरित विरघळणे आणि ग्लुकोजपासून आम्ल न होणे ही तीन लक्षणे एकत्र आली की नाव अंदाजाच्या पलीकडे बरेच जाते. बाईंना दोन्ही शब्दरचना दाखवा आणि निर्णय त्यांच्यावर सोपवा.

लॅबवाली_मडगाव

नाव कोणतेही ठरो, दोन्ही कल्चर वीस टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवा आणि कुप्यांवर तारीख, ठिकाण व माध्यम लिहा. पुढच्या वर्षीच्या गटाला अनुक्रमण करता आले तर त्यांना पुन्हा कठड्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. उरलेल्या प्लेटी १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका. पिशव्या गच्च भरल्या असतील तर वाफ आतपर्यंत पोहोचत नाही. पंधरा मिनिटांऐवजी निदान अर्धा तास द्या.